धागा: संत्र्याच्या बेचक्यातलं भुशाचं जाळं – साल खाणाऱ्या अळीचं वर्ष कसं जातं?

संत्रापट्टा
नमस्कार मंडळी. संत्रा, पेरू, बोर, आवळा यांच्या फांद्यांच्या बेचक्यात तांबूस भुशाची चिकट पट्टी दिसते, ती साल खाणाऱ्या अळीची, म्हणजे इंडरबेलाची. ही पतंगाची अळी आहे, भुंगेऱ्याची नव्हे. आपल्याकडे खोडाला भोक दिसलं की त्याला सरसकट खोडकिडा म्हणतात आणि कृषी केंद्रवाला देईल ते औषध पंपाने मारतात. माझं मत स्पष्ट आहे: या अळीवर पंप चालवणं म्हणजे पैसे मातीत घालणं. दिवसा ती लाकडात बसते आणि रात्री जाळ्याखालूनच फिरते. औषध तिच्या अंगाला लागतच नाही.

प्रश्न दोन आहेत. वर्षातल्या कोणत्या महिन्यात हात घातला तर कमी मजुरीत जास्तीत जास्त अळ्या जातात? आणि भोक बुजवूनसुद्धा पुढच्या वर्षी त्याच बागेत ती पुन्हा का दिसते? ज्यांना हिचं चक्र नीट माहीत आहे त्यांनी महिन्यासकट लिहावं.

कीटकवही
चांगला धागा काढलात. चक्र आधी मांडतो, कारण तुमच्या दोन्ही प्रश्नांची उत्तरं त्यातच आहेत.

वर्षाला एकच पिढी. पतंग एप्रिल-मेपासून जूनपर्यंत बाहेर पडतात. रंग फिकट तपकिरी, पुढच्या पंखांवर गडद ठिपके, मागचे पंख राखाडी. सालीवर बसला तर डोळ्यासमोर असून दिसत नाही. पतंग काही खात नाही, जेमतेम काही दिवस जगतो. तेवढ्यात मादी सालीच्या भेगांत १५ ते २५ अंड्यांचे पुंजके घालते. ८ ते ११ दिवसांत अंडी फुटतात.

बारीक अळी आधी वरवरची साल कुरतडते. थोडी मोठी झाली की बेचकं गाठून आत शिरते. भोक बहुतेक फांदी फुटते तिथेच, थोडं आत आणि मग खालच्या दिशेला. पूर्ण वाढलेल्या अळीचं बीळ १५ ते २५ सेंटीमीटर भरतं. हे बीळ तिचं घर आहे, पोट भरायची जागा नाही. रात्री ती बाहेर येते आणि सभोवतालची साल खाते. खाताना डोक्यावर रेशमाचा बोगदा विणत पुढे सरकते. त्या रेशमात सालीचा चुरा आणि स्वतःची विष्ठा गुंफते. आपल्याला दिसते ती वेडीवाकडी पट्टी म्हणजे हा बोगदा.

अळीपण नऊ-दहा महिने चालतं, जूनपासून थेट मार्च-एप्रिलपर्यंत. मग बिळातच कोष, तीन ते चार आठवडे. म्हणजे वर्षातले दहा-अकरा महिने ती झाडातच असते. उघड्यावर राहतात ती फक्त अंडी आणि पहिल्या काही दिवसांतली पिल्लं.

बांधावरचा
कीटकवही भाऊ, लय मस्त सांगतलं. पण मंग भुंगेऱ्याची अळी न हे कसं वळखाचं? दोघायचाही भुसाच पडते. आमच्याइकडे तं सगळे एकच समजतात राजेहो.

कीटकवही
@बांधावरचा, भुसा कुठे आहे ते बघा. भुंगेऱ्याची अळी लाकूड खाते. तिचा भुसा भोकातून बाहेर सांडतो आणि बुंध्याशी मोकळा ढीग होतो, पिठासारखा किंवा लांबट तुसांसारखा. भोकातून बरेचदा डिंक किंवा काळपट पाणी येतं. आंब्याची भिरुड ही त्यातलीच. इंडरबेलाचा भुसा सांडत नाही, सालीलाच चिकटून राहतो, कारण तो रेशमात बांधलेला असतो. बोटाने पट्टी उचलून बघा. गोधडीच्या चिंधीसारखी सलग निघून येते आणि खालची साल सोललेली, ओलसर तांबडी दिसते. आत अळी सापडली तर तीही बघा. भुंगेऱ्याची अळी पांढरट, पायांशिवाय, डोक्याकडे फुगीर. ही मळकट तपकिरी, डोकं काळसर, छातीला तीन जोड्या पाय, लांबी साडेतीन-चार सेंटीमीटर.

पानसोट
एक शंका. लाकूड खात नाही म्हणता, मग फांद्या मोडतात कशा? मृगाच्या (पावसाळ्यात फुलणाऱ्या) बहारात फळं भरली की नेमकी बेचक्यातूनच फांदी फाटते, आणि फाटलेल्या जागी आत बीळ दिसतं.

संत्रापट्टा
@पानसोट, बीळ करताना लाकूड कोरतेच, पण ते राहण्यापुरतं. खाणं सालीचं. फांदी मोडते कारण बीळ बरोबर जोडावर असतं, जिथे सगळा भार येतो. पण मोडणाऱ्या फांदीपेक्षा न मोडणाऱ्या फांदीचं नुकसान मोठं आहे, ते लक्षात येत नाही. पानांत तयार झालेलं अन्न सालीच्या आतल्या थरातून खाली मुळांकडे जातं. पट्टी फांदीभोवती फिरली की तो रस्ता तुटतो. फांदी हिरवीच राहते, पण नवती (नवी पालवी) फुटत नाही, फळ बारीक राहतं. शेतकरी खताचा डोस वाढवतो. रोपटं तीन-चार वर्षांचं असेल तर पुरतं वाळू शकतं.

फळांनी लदलेल्या फांदीला भोक दिसलं तर आधी बांबूचा टेकू द्या, मग बाकीचं.

तारवाला
आता कामाचं लिहितो. हे काम पंपाचं नाही, तारेचं आहे.

आदल्या संध्याकाळी बागेत फिरून सगळ्या पट्ट्या खराट्याने किंवा तागाच्या पोत्याच्या तुकड्याने पुसून काढा. त्याच दिवशी भोकात काही टाकायचं नाही. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पुन्हा फिरा. अळी जिवंत असेल तिथे भोकाच्या तोंडाशी नवं, ओलं, लालसर जाळं आलेलं असतं. त्याच भोकाला खूण करा, खडू किंवा गेरू चालतो. जुनी, रिकामी भोकं बागेत भरपूर असतात. हा टप्पा गाळला की निम्मी मजुरी रिकाम्या बिळांवर जाते.

मग तार. सायकलचा स्पोक सरळ बिळात चालतो. बीळ वळलं असेल तर मोटारसायकलच्या ब्रेक केबलची आतली तार घ्या, ती वळते. टोक अगदी किंचित आकड्यासारखं वाकवा. हळू फिरवत आत घाला. टोकाला मऊ लागलं की दोन-तीनदा दाबा. तार ओली, चिकट बाहेर आली तर अळी गेली. कोरडी आली तर बीळ अजून पुढे आहे.

तार पोचली नाही तरच पुढचा उपाय. कापसाचा बोळा पेट्रोल किंवा रॉकेलमध्ये बुडवून तारेने आत सरकवा, किंवा सुई काढलेल्या सिरिंजला सलाइनची नळी लावून ३ ते ५ मिली आत सोडा. भोक लगेच लिंपा. आत वाफ कोंडली पाहिजे, मारते ती वाफ. उघडं ठेवलं तर दहा मिनिटांत उडून जाते.

मोर्शीकडची
तारवाले दादा, रेशनवर रॉकेल आता कुठे मिळतं? सगळे पेट्रोलच वापरतात आणि अंदाजे ओततात. जास्त पेट्रोलने साल जळते, हे कुणी सांगत नाही. भोकाबाहेर सांडलं की त्या जागची साल काळी पडून सुटते, आणि मग तिथूनच बुरशी शिरते. ३ मिली म्हणजे ३ मिली. आणि बोळ्याचं काम चालू असताना बागेत बिडी पेटवायची नाही, मजुरांना हे आधीच बजावून सांगा.

बांधावरचा
नुवान टाकलं तं चालते का? पह्यले तेच टाकत होते सगळे.

मोर्शीकडची
@बांधावरचा भाऊ, नाही. नुवान म्हणजे डायक्लोरव्हॉस, त्यावर देशात ३१ डिसेंबर २०२० पासून बंदी आहे. जुन्या सल्ला-पत्रकांत, पुस्तकांत अजून ते नाव छापलेलं दिसतं, म्हणून लोक मागतात. जुनी बाटली घरात पडली असेल तर तीही वापरू नका.

आणि सेल्फॉसच्या गोळीचा तुकडा भोकात टाकायची पद्धत काही गावांत आहे, ती त्याहून वाईट. तो ॲल्युमिनियम फॉस्फाइड. ओलाव्याशी आला की फॉस्फिन वायू सुटतो, त्यावर उतारा नाही. देखरेखीशिवाय तो विकायला-वापरायला परवानगीच नाही. गोळी हाताने मोडणं म्हणजे जिवाशी खेळ. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने काय झालं ते आपल्या भागाला नव्याने सांगायची गरज नाही. एका अळीसाठी माणूस घालवायचा नाही.

तारवाला
ताईंशी सहमत. तार नीट चालवली तर दहातल्या बहुतेक भोकांना औषध लागतच नाही.

काळीमाती
लिंपण्याबद्दल. सगळे "भोक मातीने बंद करा" एवढंच लिहितात. आपली काळी माती ओली असताना फुगते आणि वाळली की आकसून फाटते. नुसत्या काळ्या मातीचा बोळा दोन दिवसांत भोकातून सुटून पडतो, वाफ निघून जाते, आणि अळी आत जिवंत राहते. भोक बुजवूनही ती परत आली असं वाटतं त्यातलं बरंचसं हे आहे. चिकणमाती आणि ताजं शेण निम्मं-निम्मं मळा, बोटभर आत दाबून भरा आणि वरून सालीबरोबर सपाट करा. तडा गेलाच तर दुसऱ्या दिवशी ओल्या बोटाने पुन्हा फिरवा.

जंभेरी
मी जरा वेगळं बोलतो. बोर्डो पेस्ट लावलेल्या झाडांवर ही अळी येत नाही असं सर्रास सांगितलं जातं. वर्षातून दोनदा बोर्डो लावा, इंडरबेला विसरा, असा सल्ला. पटतं का कुणाला?

कीटकवही
अर्धवट. बोर्डो पेस्ट हे बुरशीनाशक आहे, डिंक्यासाठी, म्हणजे फायटोफ्थोरामुळे होणाऱ्या डिंक गळण्याच्या रोगासाठी. पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर, बुंध्यावर जमिनीपासून सुमारे एक मीटरपर्यंत लावतात. इंडरबेलाचं घर बहुतेक त्याच्या वर असतं, पहिल्या-दुसऱ्या बेचक्यात. लावलेल्या भागात सालीच्या भेगा बुजतात, अंडी घालायला जागा कमी होते, इतका फायदा धरा. आत बसलेल्या अळीला बोर्डोने काही होत नाही.

जंभेरी
मग पेस्ट बेचक्यापर्यंत नेली तर?

कीटकवही
न्यायला हरकत नाही, मेअखेरीस लावत असाल तर उपयोगही आहे. फक्त पेस्ट खरी हवी. मोरचूद (कॉपर सल्फेट) १ किलो, कळीचा चुना १ किलो, पाणी १० लिटर. मोरचूद प्लास्टिकच्या बादलीत ५ लिटर पाण्यात रात्रभर भिजवा. लोखंडी भांडं नको, तांबं त्यावरच बसतं. चुना वेगळा ५ लिटरमध्ये विरवून, गार झाल्यावर गाळून घ्या. दोन्ही एकाच वेळी तिसऱ्या बादलीत ओता आणि ढवळत राहा. चकचकीत विळ्याचं पातं मिनिटभर बुडवा. पात्यावर तांबूस थर आला तर चुना कमी आहे, अजून घाला. त्याच दिवशी संपवा. दुसऱ्या दिवशी तिची चिकटण्याची ताकद जाते.

पानसोट
बागेत सगळ्या झाडांवर सारखी का नसते ही? काठावरच्या दोन-तीन ओळींत जास्त, मधे कमी. आणि जुन्या, दाट बागेत हमखास.

झुडपी
@पानसोट, कारण बांध. ही अळी संत्र्यापुरती नाही. बाभूळ, बोर, शेवगा, जांभूळ, आंबा, पेरू, आवळा, शिसम, गुलमोहर, सगळ्यांवर जगते. बांधावरच्या म्हाताऱ्या बाभळीच्या बेचक्यात बघा, सालीच्या रंगाचीच पट्टी असते, म्हणून कुणाचं लक्ष जात नाही. बागेतली सगळी भोकं साफ केली आणि बांधावरची बोर तशीच ठेवली, तर जूनमध्ये पतंग तिथूनच येतात. संत्रापट्टा, तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं हे माझं उत्तर. शेजाऱ्याची सोडून दिलेली बाग असेल तर मग बोलायलाच नको.

दाट बागेचं कारण वेगळं. सल (वाळलेल्या फांद्या) काढलेली नसते, पानसोट (सरळ वाढणारे, फळ न देणारे फुटवे) वाढलेले असतात, फांद्यांची गर्दी, बेचक्यात पालापाचोळा साचून ओल टिकते. जुनी साल जाड आणि भेगाळ. अंड्यांना हवं ते सगळं तिथे आहे.

बांधावरचा
मंग बांधावरची झाडं तोडून टाकाची का?

झुडपी
अजिबात नाही. तोडून काय मिळणार? सावली जाईल, जळण जाईल, आणि पाखरं जातील. सुतार पक्षी याच अळ्या सालीतून उकरून खातो. त्याला बसायला, घरटं करायला जुनी झाडं लागतात. बागेत तार फिरवाल त्या दिवशी बांधावरच्या झाडांवरही फिरवा, इतकंच. हाताला येणारी बेचकी तरी झाली पाहिजेत.

चंदनशेती
थोडं विषयांतर, पण जवळचंच. विदर्भात चंदन लावणारे वाढले आहेत. चंदनावर इंडरबेलाही येते, पण जास्त घातकी आहे लाल अळी, झ्युझेरा कॉफी. हीसुद्धा पतंगाची अळी. पतंग पांढरा, अंगभर निळसर काळे ठिपके. अळी लालसर, डोकं काळं. ही खरोखर लाकूड कोरत जाते. हिची खूण जाळ्याची नाही. झाडाखाली बारीक, कडक, गोलसर लेंड्या पडलेल्या दिसतात, आणि सरळ वर पाहिलं की भोक सापडतं. कोवळ्या फांदीत असेल तर भोकाच्या खालून, निरोगी लाकूड दिसेपर्यंत कापा आणि फांदी जाळा. नुसती कापून बांधावर टाकली तर अळी आतच वाढ पूर्ण करू शकते. बुंध्यात असेल तर वर तारवाल्यांनी दिलेलीच पद्धत. चंदनाची खरी किंमत गाभ्याची, आणि ही अळी लाकडातच शिरते, म्हणून दर पंधरा दिवसांनी झाडाखाली बघणं सोडू नका.

झाडीपट्टी
सागावरही असंच काही असतं ना? पावसाळ्यात पानांची जाळी होते ती?

चंदनशेती
ती वेगळी. सागाची पानं खाणाऱ्या दोन पतंगांच्या अळ्या आहेत, एक पान खाऊन टाकते, दुसरी शिरा ठेवून जाळी करते. दोन्ही पानांवरच्या, खोडात शिरत नाहीत. सागाचा वेगळा धागा काढा, तिथे लिहितो.

संत्रापट्टा
मंडळी, मूळ प्रश्नावर येऊ. महिना कोणता? बहुतेक सल्ल्यांत सप्टेंबर-ऑक्टोबर आणि जानेवारी-फेब्रुवारी असे दोन वेळा देतात. मजूर एकदाच मिळणार असतील तर कोणती वेळ धरायची?

तारवाला
जानेवारी. आंबिया बहारासाठी (जानेवारी-फेब्रुवारीत फुलणाऱ्या) पाणी तोडून ताण दिलेला असतो, पानं कमी झालेली असतात, जाळं लांबून दिसतं, माणूस चुकत नाही. अळी मोठी असते, तारेला लागते. ऑक्टोबरमध्ये पट्ट्या बारीक असतात आणि पानांची दाटी इतकी की निम्म्या सुटतात.

कीटकवही
तारवाले दादा, इथे मी तुमच्या उलट आहे. जानेवारीपर्यंत तिने सहा-सात महिने साल खाल्लेली असते, नुकसान होऊन गेलेलं असतं. ऑक्टोबरच्या सुरुवातीला, पाऊस उघडला की बीळ उथळ असतं, तार सहज टोकापर्यंत जाते, पेट्रोल लागतच नाही. पावसात जाळी धुऊन जातात. पाऊस थांबल्यावर ती पुन्हा विणते तेव्हा पट्टी ताजी आणि लालसर असते, ओळखायला सोपी. एकदाच जमणार असेल तर ऑक्टोबर धरा. तोडणीला आलेली आंबियाची फळं हलणार नाहीत याची काळजी घेऊन शिडी लावा.

मोर्शीकडची
दोघांचंही बरोबर, बाग कोणती त्यावर आहे. लहान बाग, पाच-सहा वर्षांची, पहिलं बेचकं कमरेइतकं असेल तर ऑक्टोबर. उभ्या उभ्या काम होतं आणि तिथे प्रत्येक फांदी मोलाची. जुनी, उंच, दाट बाग असेल तर ऑक्टोबरमध्ये बुंधा आणि पहिली बेचकी, आणि जानेवारीत वरचा भाग. मृग बहार धरणाऱ्यांची फळं जानेवारीत झाडावर असतात, त्यांनी वरचं काम तोडणीनंतर लगेच घ्यावं, पण मार्च उलटू देऊ नये.

पानसोट
मार्च का?

कीटकवही
त्यानंतर कोष. कोषात गेली की ती खात नाही, जाळं विणत नाही, म्हणजे पुसून खूण करायची पद्धत चालत नाही. जिवंत बीळ आणि रिकामं बीळ सारखंच दिसतं. मे-जूनमध्ये भोकाच्या तोंडाशी तपकिरी, पोकळ कोषाचं टरफल अर्धं बाहेर आलेलं दिसलं तर पतंग उडून गेला समजा. त्या भोकात काही ओतू नका, ते रिकामं आहे. तिथून पुढे नजर अंड्यांवर ठेवा: पहिल्या पावसाआधी बेचक्यातला पाचोळा झाडून काढा, सैल साल खरवडा, सल कापून बागेबाहेर जाळा, आणि बोर्डो बेचक्यापर्यंत न्या.

काळीमाती
रिकामी भोकंही बुजवा मात्र. उघडी ठेवली की पावसाचं पाणी साचतं, आत लाकूड कुजतं, मुंग्या आणि वाळवी शिरते. तोंडाशी सुटलेली साल निरोगी कडेपर्यंत तासून घ्या, बोर्डो पेस्ट लावा, वाळली की शेण-माती.

बांधावरचा
लय कामाचं झालं हे. तासाले कोणतं हत्यार घ्याचं? विळ्यानं तं लाकूडच सोलते.

काळीमाती
कलम बांधायचा चाकू घ्या, धार लावलेला. विळा नको. प्रत्येक झाडानंतर पातं बोर्डोच्या पाण्यात बुडवा, नाहीतर एका झाडाचा डिंक्या दुसऱ्याला जातो. साल फक्त सैल आहे तेवढीच काढा. हिरवी, ओली साल लागली की हात थांबवा.